भाच्याच्या जर्मनीच्या विम्याबद्दल

ताई, जळगावच्या एजंटाने तुमच्या भाच्याला वर्षभराचा प्रवास विमा दिलाय, 'तेवढा पुरतो' म्हणे. नाही पुरत. जर्मनीत विद्यापीठात प्रवेश नोंदवताना तो चालत नाही. भाचा तिशीच्या आतला आहे, तर सरळ पब्लिक विमा, म्हणजे तिथला कायद्याने ठरवलेला आरोग्य विमा, घ्यायला सांगा: टीके, एओके, बार्मर, कुठल्याही कंपनीचा. अर्ज घरी बसून ऑनलाइन भरता येतो, आणि विमा असल्याचं कंपनीच विद्यापीठाला परस्पर कळवते. मात्र हा विमा सत्र सुरू झाल्यावर लागू होतो, बहुतेक ठिकाणी १ ऑक्टोबरला. पोरगा आधी पोहोचणार असेल तर मधल्या दिवसांपुरता प्रवास विमा हवाच.

आणि कृपा करून स्वस्तातली खासगी पॉलिसी घेऊन पब्लिक विम्याच्या सक्तीतून सूट मागू देऊ नका. ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. अमळनेरच्या आमच्या ओळखीच्या मुलाने तेच केलं. अक्कलदाढ काढायची वेळ आली तेव्हा आधी सगळे पैसे स्वतः भरले, मग पावत्या पाठवत बसला. पब्लिकवाल्याने फोटोचं कार्ड काउंटरवर दिलं की झालं.

विद्यापीठ कोणतं आणि विमान कधीचं, ते लिहा. फॉर्म भरायला मी मदत करते.