सायकलवर वेळ 'कमावून' ठेवण्याबद्दल

हाफ आयर्नमॅनमध्ये (पोहणं, मग 90 किमी सायकल आणि 21.1 किमी धावणं अशी सलग शर्यत) सायकलवर जमेल तितका वेळ कमावून ठेवावा, धावताना तो जायचाच आहे, असं एकाने लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. सपाट रस्त्यावर हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी 30 ऐवजी 33 किमीने गेलात तर 90 किमीत वाचतात जेमतेम 16 मिनिटं, पण त्या विरोधापायी सुमारे 33 टक्के जास्त ताकद खर्ची पडते. मग 21.1 किमी धावताना दर किलोमीटरला एक मिनिट मागे पडलात की कमाई व्याजासकट परत!

त्यात आपल्या गोव्यातली दमट हवा. घाम वाळतच नाही, वेग तोच ठेवला तरी हृदयाचे ठोके चढत राहतात. मिरामार ते दोनापावला उन्हात धावताना म्हणूनच घड्याळातल्या वेगापेक्षा ठोके आणि श्वास बघावा. (आणि सरावात बांबोळीच्या चढावर कुणी मागून पुढे गेलं तर खुशाल जाऊ द्या.)

आत्मविश्वासाचं म्हणाल, तर आरशासमोर "मी करू शकतो" म्हणून तो येतो यावर माझा विश्वास नाही. सरावात लांब सायकलिंगनंतर लगेच धावायला निघा, पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हळू. पाय आधी जड वाटतात, मग मोकळे होतात. हे चार-पाचदा अनुभवलं की शर्यतीत धडकी भरत नाही. पाणी-मिठाचं गणितही तेव्हाच बसवा. शर्यतीच्या दिवशी नवीन जेल (शर्यतीत ऊर्जेसाठी खायचं गोड, दाट मिश्रण) चाखायला जाऊ नका.