'द क्युअर'चा नवा अल्बम: तुमच्या मनात कोणतं गाणं मुक्कामाला आलंय?

उत्तररात्र (पुणे)

मंडळी, 'द क्युअर' या ब्रिटिश रॉक बँडचा 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' १ नोव्हेंबर २०२४ ला आला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. आधीचा अल्बम २००८ चा, म्हणजे तब्बल १६ वर्षं वाट पाहायला लावली. ब्रिटनमध्ये तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला. तिथे हा मान त्यांना याआधी १९९२ मध्ये, 'विश'ला मिळाला होता.

परीक्षणं भरपूर येतील. मला तुमचे अनुभव वाचायचे आहेत. सुरुवात मीच करतो.

मला धरून ठेवलं ते पहिल्याच 'अलोन'ने. पावणेसात मिनिटांचं गाणं, आणि गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज येतो तो तीन मिनिटं उलटून गेल्यावर. तोवर जड, संथ ड्रम्स, गढूळ बास आणि कीबोर्डचे लांबलचक सूर. आजकाल गाण्याने पहिल्या काही सेकंदांत पकडलं नाही तर लोक पुढे सरकवतात. ६५ वर्षांचा हा माणूस मात्र आधी तुम्हाला बसवून घेतो, मग बोलतो. त्या तीन मिनिटांत आपण आपलं काहीतरी आठवू लागतो, आणि तो गाऊ लागतो तेव्हा आपण तयार असतो. अख्ख्या अल्बमचं सामर्थ्य मला या सबुरीत दिसतं. शब्दांमागे अर्नेस्ट डाऊसनची 'ड्रेग्ज' ही कविता आहे, तीही सगळं सरल्यावर उरलेल्या गाळाबद्दल. म्हणजे शेवटापासून सुरुवात.

आता तुम्ही लिहा. सविस्तर लिहा.

चार तारा (नाशिक)

मी बास वाजवतो, त्यामुळे माझे कान आधी सायमन गॅलपकडे जातात. या बँडमध्ये बास मागे राहून साथ करत नाही, बऱ्याचदा धूनच तो वाजवतो. 'अ फ्रॅजाईल थिंग' हेडफोन लावून ऐका. गाणं पियानोने उघडतं, पण चालतं ते बासवर. तो आवाज जरा खरखरीत ठेवलाय, त्यामुळे गोड चाल असूनही गाणं गुळगुळीत होत नाही.

रीव्ह्ज गॅब्रेल्सबद्दलही लिहायलाच हवं. डेव्हिड बोवीबरोबर वर्षानुवर्षं वाजवलेला हा गिटारवादक २०१२ पासून 'क्युअर'मध्ये आहे, पण बँडच्या स्टुडिओ अल्बमवर तो पहिल्यांदाच ऐकू येतोय. 'ड्रोन:नोड्रोन'मध्ये त्याला मोकळं सोडलंय आणि तो अक्षरशः ओरबाडतो. 'एंडसाँग'मध्ये मात्र जेसन कूपरचे ड्रम्स घुमत राहतात आणि गिटार त्यांच्यावरून हळूहळू चढत जाते. दहा मिनिटांच्या गाण्यात सहा मिनिटांहून अधिक काळ नुसती वाद्यं! आमच्या बँडमध्ये गायक दोन आवर्तनं थांबला तरी सगळे अस्वस्थ होतात. हे ऐकल्यापासून आम्ही एका गाण्याची सुरुवात मुद्दाम लांबवली. मोकळ्या जागेत टिकून राहणं फार कठीण आहे, पण सरावात मजा येतेय.

धाकटी (सातारा)

मला रॉकमधलं फारसं कळत नाही. हा बँड माझ्या दादाचा. त्याच्या खोलीत भिंतीवर विस्कटलेल्या केसांच्या, लिपस्टिक लावलेल्या त्या गायकाचं पोस्टर होतं आणि आई रोज त्यावरून बोलायची. दादा कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. दवाखान्यात आत कुणालाच सोडत नव्हते.

नवा अल्बम आल्याचं दादाच्या मित्राने कळवलं आणि सांगितलं, सहावं गाणं ऐक, पण एकटी असताना ऐक. मी ते भाऊबीजेला ऐकलं. आधी ढगांचा गडगडाट येतो, मग पियानोचे मोजके सूर, तेच ते परत परत. रॉबर्ट स्मिथने 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' त्याच्या थोरल्या भावावर, रिचर्डवर लिहिलंय. त्याचे आईवडीलही थोड्याच वर्षांत गेले, हे मला नंतर समजलं. गाण्यात समजूत काढणं नाही, 'तो जिथे असेल तिथे सुखी असेल' असलं काही नाही. काहीतरी दुष्ट चालून येतंय आणि भावाला हिरावून नेतंय, एवढंच. लोक भेटायला येऊन जे बोलत होते त्यातलं काहीच मला लागू पडलं नव्हतं. हे पडलं. नंतर आईलाही ऐकवलं. तिला शब्द समजले नाहीत, पण तिने पुन्हा लावायला सांगितलं.

कॅसेटवाला (दादर)

धाकटी, तुझं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

मी 'विश'च्या काळातला. काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मध्ये उभं राहून कॅसेटची पाठ वाचायची, हे आमचं शनिवारचं काम. तेव्हा स्मिथच्या गाण्यातलं दुःख मला तरुणपणाचं वाटायचं, प्रेमभंगाचं. आता केस पिकले, निवृत्ती जवळ आली आणि तोच आवाज, जवळजवळ जसाच्या तसा, म्हातारपणाबद्दल गातोय. 'एंडसाँग'मध्ये तो १९६९ सालचा, चांद्रमोहिमेच्या दिवसांत आकाशाकडे बघणारा मुलगा आठवतो आणि विचारतो, मी एवढा म्हातारा कधी झालो? मी गच्चीवर ऐकत होतो. खाली आल्यावर बायकोने विचारलं, काय झालं? मी तिलाही वर नेलं आणि गाणं पुन्हा लावलं.

परसिक (ठाणे)

माझं मत थोडं वेगळं. 'वॉरसाँग' मला अजून भिडलेलं नाही, गोंगाट जास्त वाटतो. 'अँड नथिंग इज फॉरेव्हर' मात्र रोज ऐकते. मरणाच्या वेळी सोबत असण्याचं वचन आणि त्याला इतकी उजळ चाल!

हडसनकाठ (न्यू जर्सी)

ही गाणी मी अल्बमच्या आधीच ऐकली, जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन सभागृहात. सुरुवात 'अलोन'नेच. वीस हजारांच्या आसपास लोक आणि कुणालाच शब्द पाठ नाहीत, सगळे नुसते ऐकत होते. एरवी नवं गाणं लागलं की लोक उठून बिअर आणायला जातात. इथे कुणी हललं नाही.

त्या दौऱ्याची आणखी एक गोष्ट. स्मिथने स्वस्त तिकीट २० डॉलरपर्यंत खाली ठेवलं होतं, पण काहींना वरचे आकार तिकिटाहून जास्त पडले. तो जाहीरपणे भांडला आणि विक्री कंपनीला सर्वांत स्वस्त तिकिटांवर १० आणि बाकीच्यांवर ५ डॉलर परत द्यायला लावले. माझेही परत आले. रक्कम किरकोळ, पण आपल्या श्रोत्यांसाठी इतकं भांडणारा कलाकार मी दुसरा पाहिला नाही.

नवखी (फोंडा)

माझा जन्म २००३ चा. हा मी ऐकलेला त्यांचा पहिलाच अल्बम, तोही भावामुळे. अल्बमच्या दिवशी लंडनच्या 'ट्रॉक्सी'तला कार्यक्रम यूट्यूबवर थेट दाखवला, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. तीन तास चालला आणि शेवटपर्यंत पाहिला. आता मागचं सगळं ऐकायचंय. कुठून सुरू करू?

उत्तररात्र (पुणे)

नवखी, 'डिसइंटिग्रेशन' (१९८९). रात्री, सलग, गाणी न उडवता. ते मुरल्यावर 'पोर्नोग्राफी' (१९८२), तो फार काळोखा आहे, घाईने घेऊ नकोस. 'विश'बद्दल कॅसेटवाले काका सांगतीलच. आणि धाकटी, दादाला आवडणारी बाकीची गाणी कोणती, तेही इथे लिहिशील का?