शब्दचर्चा: फॉन्टचा नाद, चाळा की टंकळमंगळ?

बोरूबहाद्दर
दोन शब्द हवे आहेत. पहिला फॉन्टसाठी. 'टंक' छापलेला दिसतो, बोलताना कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. दुसरा म्हणजे अवघड जागेचं दुखणं. अहवाल उद्या द्यायचा, मजकूर झालाय चार ओळी, आणि आपण मथळा आधी मुक्ता फॉन्टमध्ये, मग बलूमध्ये, मग मोदकमध्ये लावून बघत बसलोय. (मोदक पाहिला नसेल तर पाहाच. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतली पोकळी बुजून नुसती रेघ उरते.) काम तसूभर सरकत नाही, पण डोकं ताजंतवानं होतं. ह्याला काय म्हणायचं? छंद, नाद, चाळा?

शिरोरेखा
'छंद' नको. छंदासाठी माणूस वेळ काढतो, तुमचा इथे नुसताच जातोय. 'नाद' म्हटलं की घरच्यांची तक्रार आलीच. 'चाळा' जवळचा, पण चाळा बोटांचा आणि नकळत चालणारा: पेनचं टोपण उघडमीट करणं, पदराचं टोक पिळणं. वेलांटी कुठे जास्त झुकलीय हे डोळे बारीक करून बघणाऱ्या माणसाला चाळा लागलाय असं मला म्हणवत नाही. माझं मत 'विरंगुळा'. कामाचा शीण त्यात गृहीतच आहे.

आगाऊ कार्टा
विरंगुळा ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात. ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या संगणकावर चालते ती टंगळमंगळ. फॉन्टची म्हणून 'टंकळमंगळ'. मंगल नावाचा फॉन्ट आहेच, म्हणजे सोन्याला सुगंध.

शिरोरेखा
टंकळमंगळ मंजूर! पण मंगलची टिंगल नको. र. कृ. जोशींनी घडवलेला फॉन्ट आहे तो. विंडोज २००० बरोबर आला. त्याआधी एका संगणकावरची मराठी फाइल दुसरीकडे उघडली की निम्म्या वेळा अगम्य चिन्हांचा पाऊस पडायचा. युनिकोडमधली, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच उघडणारी मराठी बऱ्याच जणांनी पहिल्यांदा पाहिली ती मंगलमध्येच.

जुळारी (निवृत्त)
आमच्या छापखान्यात फॉन्ट हा शब्दच नव्हता. अख्खा संच तो टाइप, सुटा तुकडा तो खिळा, आणि खिळे जुळवणारा तो जुळारी. अक्षर खिळ्यावर उलटं असतं, त्यामुळे आम्ही उलटं वाचायला शिकलो. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती अंगठ्याला लागली की खिळा सुलट बसतोय हे न बघता कळतं. देवनागरीला जोडाक्षरं आणि काना-मात्रा धरून शेकडो खिळे लागत. ते कमी करण्याची खटपट खुद्द लोकमान्य टिळकांनी केली होती. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या टाइपाचं नाव अजून निघतं, त्याचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू मात्र कुणाला आठवत नाहीत. तेव्हा मथळा पाच टाइपांत लावून बघण्याची चैन फक्त मालकाला परवडायची, तीही जुळाऱ्याच्या जिवावर.

पायमोडका
'टंक' वर माझं मत अनुकूल. संस्कृतात टंक म्हणजे छिन्नी. पाथरवटाची टाकी तीच, आणि नाण्यावर ठसा उठवायची जागा ती टांकसाळ. कोरणं आणि ठसा हे दोन्ही अर्थ टाइपाला चपखल बसतात. शिवाय दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास काढा, लेखनक्रियेचा. बाळबोध अक्षर कसं असावं ते सांगताना समर्थ म्हणतात, पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत दिसावं, 'येका टांकेंचि लिहिलें । ऐसें वाटे'. इथे टांक म्हणजे लेखणी. पहिल्या पानावरचा 'क' आणि शेवटच्या पानावरचा 'क' सारखाच दिसणं, फॉन्टकडून आपण दुसरं काय मागतो? छापखाना महाराष्ट्रात रुजायच्या कितीतरी आधीची अपेक्षा आहे ही.

डीटीपीवाला
दाखला झकास, पण दुकानात चालायचा नाही. मी 'टंक बदलू का' विचारलं तर गिऱ्हाईक म्हणेल, टायपिंगची परीक्षा तुमच्याकडेच होते का? आमच्याकडे फॉन्ट तो फॉन्ट.

बोरूबहाद्दर
मग 'वळण'? अक्षराला वळण असतंच. 'मोदकचं वळण लग्नपत्रिकेला शोभत नाही' असं सहज म्हणता येईल.

शिरोरेखा
वळण म्हणजे रूप, वस्तू नव्हे. निर्णयसागरचं वळण म्हणा, पण संगणकावर 'वळण उतरवून घ्या' म्हणणार का? वस्तूला फॉन्ट, रूपाला वळण, मला दोन्ही हवेत. आणि लेटरिंगला कृपा करून फॉन्ट म्हणू नका. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं पाहून 'हा कुठला फॉन्ट?' असं विचारणारे भेटतात. अहो, ते त्या एका नाटकापुरतं हातानं काढलेलं नाव. त्याला अक्षरांकन म्हणू. अच्युत पालव करतात ते सुलेखन, त्याचा बाज पुन्हा वेगळा.

पायमोडका
वळणावरून आठवलं. २००९ च्या शासननिर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' सांगितलाय. मंगलमध्ये मात्र हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. माझ्या डोळ्यांना ते अजून खुपतात.

शिरोरेखा
मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडून बघा. काही फॉन्टांत दोन्ही वळणं भरलेली असतात, भाषा बदलली की ल आणि श आपोआप बदलतात.

डीटीपीवाला
ल-श चं पुढे बघू, फॉन्ट निवडताना आधी 'ऱ्या' टाइप करून बघत जा. काही जुन्या फॉन्टांत तो नीट उमटत नाही, मग हाताशी असलेला रफार (अक्षराच्या डोक्यावरचा र) देऊन वेळ मारून नेतात. एका समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेत 'आचाऱ्यांना मानधन' ह्या ओळीचं असंच 'आचार्यांना मानधन' झालं होतं. स्वयंपाकी खूश, पाहुणे गप्प.