कम्युनिटी कॉलेजात संगीत: आधी सर्वसाधारण विषय संपवावेत का?

अवनी:
नमस्कार. माझी मुलगी कॅलिफोर्नियात बारावीत आहे. ती लहानपणापासून हिंदुस्थानी गायन शिकते आणि शाळेच्या कॉयरमध्ये गाते. तिला संगीताचीच पदवी घ्यायची आहे. विद्यापीठाचा चार वर्षांचा खर्च आम्हाला झेपणारा नाही, म्हणून पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कमी शुल्काच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात करून पुढे ट्रान्सफर घ्यावी, म्हणजे विद्यापीठात जावे, असा विचार आहे. एका समुपदेशकांनी पहिल्या वर्षी इंग्रजी, गणित, इतिहास असे विषय संपवून संगीत दुसऱ्या वर्षी सुरू करण्याचे सुचवले. हे योग्य ठरेल का? तिला स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) जेमतेम वाचता येते आणि पियानो मुळीच येत नाही, याचीही काळजी वाटते.

मंद्र:
अवनीताई, इतर बहुतेक शाखांसाठी हा सल्ला चालतो, परंतु संगीतासाठी तो महागात पडतो. मी अशाच एका कॉलेजात थिअरी शिकवतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. थिअरीची चार सत्रे आणि त्यांच्या जोडीने म्युझिशियनशिपची, म्हणजे कान तयार करण्याची, चार सत्रे क्रमानेच घ्यावी लागतात. आधीचे सत्र उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढच्याला नाव नोंदवता येत नाही आणि लहान विभागांत पहिले सत्र बहुधा ऑगस्टमध्येच सुरू होते. त्यामुळे संगीत दुसऱ्या वर्षावर ढकलले की दोनाची तीन वर्षे झालीच म्हणून समजा. इतिहासाचा एखादा विषय मात्र उन्हाळ्यातही उरकता येतो.

दुसरा मुद्दा ऑडिशनचा आहे. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) असो वा कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), प्रवेशाचा अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच भरावा लागतो आणि संगीत विभागांच्या ऑडिशन साधारणपणे त्यानंतरच्या हिवाळ्यात होतात. दोन वर्षांत बाहेर पडू पाहणारी मुलगी परीक्षकांसमोर उभी राहते, तेव्हा तिच्या गाठीशी फार तर तीन सत्रे असतात, आणि पहिले वर्ष संगीताविना गेले तर ती तीनही राहत नाहीत. म्हणून थिअरी, म्युझिशियनशिप, पियानो, कॉयर आणि वैयक्तिक गायनाचे वर्ग या सगळ्यांत पहिल्याच सत्रात नाव घालावे, असे मी आग्रहाने सांगेन. पियानोची भीती नको. हा वर्ग पियानो न येणाऱ्यांसाठीच असतो. सगळे हेडफोन लावून एकाच खोलीत सराव करतात. मात्र तिथे रोजच्या सरावाला पर्याय नाही, कारण पुढे विद्यापीठात अनेक ठिकाणी पियानोची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते.

सानिका:
काकू, मी ख्याल शिकत वाढले आणि याच मार्गाने विद्यापीठात आले. तुमच्या मुलीचा कान हे तिचे मोठे भांडवल आहे. डिक्टेशनच्या वेळी शिक्षक आधी मूळ स्वराची कॉर्ड वाजवून देतात, मग एक छोटी धून तीन-चार वेळा वाजवतात आणि ती कागदावर उतरवायची असते. तानपुऱ्यावर सा धरून पलटे घोटलेल्यांना ती धून ऐकताक्षणीच सरगममध्ये ऐकू येते. ‘मूव्हेबल डो’ पद्धतीत डो म्हणजे हवा तिथे धरलेला सा, त्यामुळे तिथपर्यंत काहीच परके वाटत नाही. खरी अडचण येते ती धून मध्येच मूळ स्वर बदलते तेव्हा, कारण आपला सा सुटता सुटत नाही. धून पंचमाकडे वळली की पंचमच नवा सा होतो आणि जो तीव्र मध्यम वाटत होता, तो त्या नव्या सा चा शुद्ध निषाद ठरतो. मूर्च्छनेचा, म्हणजे त्याच स्वरांत दुसऱ्या स्वराला सा मानण्याचा, विचार करून ऐकायला लागल्यावर मला ते जमले.

गायनाच्या ऑडिशनची तयारी मात्र वेगळी असते. बहुतेक विभागांना इंग्रजी, इटालियन, जर्मन अशा भाषांतली गीते पाठ म्हणून दाखवलेली हवी असतात. यूसीएलएमध्ये (यूसीचे लॉस एंजेलिसचे विद्यापीठ) एथ्नोम्युझिकॉलॉजीची, म्हणजे जगभरच्या संगीतपरंपरांच्या अभ्यासाची, स्वतंत्र पदवी आहे, तीही अवश्य पाहावी.

विनायक:
खर्चाचे लिहितो. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात युनिटला, म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याच्या एककाला, ४६ डॉलर शुल्क आहे. ६० युनिटांचे २,७६० डॉलर होतात, पुस्तके वेगळी. लॉस एंजेलिस सिटी कॉलेजला २०१६ मध्ये हर्ब अल्पर्ट फाउंडेशनने १ कोटी १ लाख डॉलरची देणगी दिली, ती संगीताच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण विनाशुल्क व्हावे म्हणूनच. कुठला विषय कुठे धरला जातो हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिसते. ट्रान्सफरच्या असोसिएट पदवीमुळे (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) कॅल स्टेटमध्ये जागेची हमी मिळते, पण ती विशिष्ट कॅम्पसची किंवा संगीत विभागाची नव्हे. ऑडिशन द्यावीच लागते. शिवाय बरेच विभाग थिअरीची प्लेसमेंट परीक्षा घेऊन विद्यार्थ्याला एखादे सत्र मागे बसवतात, म्हणून प्रत्येक सत्राचा सिलॅबस आणि तपासलेला गृहपाठ जपून ठेवावा.

अवनी:
सर्वांचे मनापासून आभार. नोटेशनसाठी फंडामेंटल्सचा, म्हणजे थिअरीच्या आधीचा प्राथमिक वर्ग आधी करावा लागेल का? उन्हाळ्यात तो मिळाला नाही तर?

मंद्र:
बऱ्याच कॉलेजांत थिअरीच्या पहिल्या सत्रासाठी एक छोटी चाचणी देऊन फंडामेंटल्स टाळता येते. दोन्ही क्लेफ (उंच स्वरांसाठीचा ट्रेबल आणि खालच्या स्वरांसाठीचा बेस) झटपट वाचणे, सर्व मेजर-मायनर स्केल व की सिग्नेचर (सुरुवातीला लिहिलेल्या शार्प-फ्लॅटच्या खुणा) लिहिणे, दोन स्वरांमधले अंतर ओळखणे आणि ट्रायड (तीन स्वरांची कॉर्ड) बांधणे, एवढे तिला आले की पुरते. ते घरी करण्याजोगे आहे; बेस क्लेफलाच गायकांना सर्वांत जास्त वेळ लागतो, तिथून सुरुवात करावी. आताच संगीत विभागप्रमुखांना पत्र लिहून चाचणीची तारीख विचारावी आणि थिअरीची तिसरी व चौथी सत्रे दरवर्षी खरोखर घेतली जातात का, तेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. विद्यार्थी कमी पडले की सर्वांत आधी हेच वर्ग रद्द होतात. तसे होत असेल, तर जवळच्या दुसऱ्या कॉलेजात नाव नोंदवण्याची तयारी पहिल्या वर्षापासूनच ठेवावी.