वादळात पडलेली सीतेची वेणी: पुण्यात कुंडीत लावू की झाडावर?

घाटावरची
मे अखेरच्या वादळात देवरुखजवळच्या आमच्या घरामागच्या रायवळ आंब्याची फांदी कोसळली. तिच्यावर सीतेची वेणी, म्हणजे झाडावर वाढणारी आमरी (ऑर्किड), होती. फुलं येऊन गेलेली, पानं धडधाकट, पण मुळं सालीवरून ओरबाडली गेलीत. पुण्याला आणलीय, सध्या बाल्कनीत कागदावर पडून आहे. नर्सरीवाला म्हणतो, कोकोपीट घालून कुंडीत लावा. सोसायटीत आंबा, पेरू आणि बहावा आहे. काय करू?

सह्यपायथा
सीतेची वेणीच का नक्की? फुलं नसली की भल्याभल्यांना ओळखू येत नाही.

घाटावरची
हो, लोंबता गजरा, पांढऱ्यावर जांभळट ठिपके. पानांवर फिकट उभ्या रेघा आहेत आणि टोकं उंदराने कुरतडल्यासारखी.

राईवाला
मग तीच. ताई, कुंडी नको आणि कोकोपीट तर मुळीच नको. मुळांवरचं पांढरं जाड आवरण पाऊस लागला की पाणी पिऊन हिरवट होतं, आणि मग ते वाऱ्यावर सुकावंच लागतं. ओल्या कोकोपीटमध्ये सडेल.

आंब्यावरच बांधा. पेरूची साल सोलून पडते, तिच्यासोबत मुळंही सुटतील. बहावा ऐन उन्हाळ्यात उघडा पडतो. आमच्याकडे ही ऐनावर, कुंभ्यावरही असते आणि तीही पानगळीचीच झाडं, पण इथली हवा दमट. पुण्याच्या एप्रिलमध्ये ती भाजून निघेल.

काळी, पिचकी मुळं स्वच्छ कात्रीने कापा. एक-दोन दिवस सावलीत राहू दे, मग जाड फांदीच्या बेचक्याजवळ, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या अंगाला बांधा. जुन्या सुती साडीची पट्टी घ्या. मुळं साल धरेपर्यंत टिकते, मग आपोआप कुजून जाते. तांब्याची तार चुकूनही नको, तांबं आमरीला विष आहे. बांधताना रोप थोडं खाली झुकलेलं ठेवा. ताठ उभं बांधलं तर पानांच्या खोबणीत पाणी साचतं आणि शेंडा कुजतो. हिला वाढायला तो एकच शेंडा. हलायला नको एवढं घट्ट बांधा, बाकी शेण, माती, शेवाळ काही थापू नका.

मुळांची टोकं हिरवी, चकचकीत दिसली की समजा लागली.

सह्यपायथा
आणि सोसायटीच्या माळ्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर बांडगूळ समजून कोयता घालेल. बांडगूळ फांदीत मूळ घुसवून रस ओढतं, ही नुसती सालीला धरून बसते.

दुसरं, हे वाचून कुणी रानातून खरवडून आणू नका. पडलेली उचलली ते ठीक. हिचं बी धुळीसारखं बारीक, त्यात साठवलेलं अन्न नसतं, जोडीला बुरशी मिळाली तरच रुजतं. एवढं रोप व्हायला वर्षं जातात. घाटरस्त्यांवर जुडीने विकायला ठेवलेली बघितली की डोकं फिरतं.

घाटावरची
माळ्याला सांगितलं, तोच शिडी घेऊन येतोय. उन्हाळ्यात पाणी कसं द्यायचं? आमच्याकडे बोअरचं आहे.

राईवाला
पावसाळाभर काही नको. दिवाळीनंतर सकाळी फवारा, मार्चपासून रोज. बोअरच्या जड पाण्याने मुळांवर क्षाराचा पांढरा थर बसतो, त्यामुळे पावसाचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवा. खत द्यायचंच तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं), पाकिटावरच्या प्रमाणाच्या पाव भाग, तेही नवी मुळं फुटल्यावर. पुढच्या मेमध्ये फुलली नाही तर उपटून दुसरीकडे हलवू नका, आधी मुळं धरू द्या.