येर्झी श्टुर यांची खरी ओळख कोणती: किश्लोव्स्कींचा नट की विनोदी नट?

कृष्णाकाठ (मूळ धागा)

पोलिश नट येर्झी श्टुर (१९४७–२०२४) यांच्याविषयी फिल्म सोसायटीच्या वर्तुळात बोलणे निघाले की एक उतरंड गृहीत धरलेली असते. दिग्दर्शक क्षिश्तोफ किश्लोव्स्की यांच्या चित्रपटांतले श्टुर थोर आणि युलिउश माखुल्स्की यांच्या विनोदी चित्रपटांतले श्टुर केवळ लोकप्रिय, अशी ती उतरंड. मला ती मुळातच मान्य नाही.

श्टुर यांनी दोन्हीकडे एकच माणूस रंगवला, असे माझे मत आहे. तो चलाख पण आतून धास्तावलेला असतो, वरिष्ठांपुढे चटकन जुळवून घेतो आणि हाती थोडी सत्ता आली की बदलू लागतो. किश्लोव्स्कींच्या ‘अमातोर’ (१९७९) मधला फिलिप मोश हा कारखान्याच्या खरेदी विभागातला साधा नोकरदार. होणाऱ्या बाळाचे चित्रीकरण करावे म्हणून तो आठ मिलिमीटरचा कॅमेरा घेतो. संचालक त्याला कारखान्याच्या वर्धापनदिनाचे चित्रीकरण करायला सांगतात आणि बघता बघता हौसेचे वेड होते. त्या वेडाचा आनंद, साहेबांपुढची अवघडलेली नम्रता आणि पुरस्कार मिळाल्यावर अंगात येणारा डौल, हे सारे ज्या अचूक वेळेने येते ते विनोदी नटाचेच कसब आहे. ते नसते तर फिलिप आपल्याला आवडला नसता आणि त्याच्या घराची पडझड आपल्याला लागली नसती.

रुपेरी

कसब एकच असेल, पण त्यातून उभे राहिलेले काम एका तोलाचे नाही. ‘अमातोर’मध्ये फिलिपची पत्नी त्याला सोडून जाते. त्याच्या माहितीपटामुळे त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या वरिष्ठाची नोकरी जाते. आपण केवळ खरे दाखवले, या समाधानाची किंमत दुसऱ्याने मोजली हे कळल्यावर तो कॅमेरा स्वतःच्या तोंडावर रोखून आपली गोष्ट पहिल्यापासून सांगू लागतो. याच्या शेजारी माखुल्स्कींच्या ‘किलेर’ (१९९७) मधला पोलीस अधिकारी ठेवून पाहा. एका टॅक्सीचालकाला भाडोत्री मारेकरी समजून पकडणारा हा अधिकारी मलाही हसवतो, परंतु त्याच्या चुकीचे ओझे कोणावरच पडत नाही.

शिवाय किश्लोव्स्कींच्या ‘स्पोकुय’मध्ये श्टुर यांनी तुरुंगातून सुटून आलेला, फक्त शांतपणे जगू इच्छिणारा बांधकाम मजूर साकारला. त्यात संपाचा विषय असल्याने १९७६ मध्ये तयार झालेला हा चित्रपट पोलंडमध्ये १९८० पर्यंत दाखवला गेला नाही. सत्तेला ज्या अभिनयाची धास्ती वाटली, तो आणि गर्दी खेचणारा अभिनय एका पंक्तीत बसवणे मला पटत नाही.

मध्यंतर

मला दोघांनाही माखुल्स्कींच्याच ‘सेक्समिस्या’ (१९८४) बद्दल विचारायचे आहे, कारण खुद्द पोलंडमध्ये श्टुर यांचे नाव निघाले की अनेकांना आधी हाच चित्रपट आठवतो. दोन पुरुष प्रयोगासाठी १९९१ मध्ये गोठवले जातात आणि २०४४ मध्ये जागे होतात, तेव्हा जमिनीखाली फक्त स्त्रियांचे राज्य असते. वरचे जग राहण्यालायक उरलेले नाही, असे या स्त्रियांना सांगितलेले असते आणि ते खोटे असते. डिसेंबर १९८१ ते जुलै १९८३ असा लष्करी कायदा नुकताच सोसलेल्या प्रेक्षकांना यातले राजकारण समजावून सांगावे लागले नसणार.

पण त्या राजकारणासाठी स्त्रियांचे राज्य हेच भयाचे रूप का निवडले? आणि त्या राज्याच्या शिखरावर शेवटी वेषांतर केलेला पुरुषच का निघतो? श्टुर यांचा माक्स हा बाईकडे पाहण्याची अत्यंत उथळ नजर असलेला माणूस आहे, आणि श्टुर तो इतका लोभस करतात की ती नजरच शहाणपणाची वाटू लागते. नटाचे सामर्थ्य मी नाकारत नाही. त्याच सामर्थ्यामुळे माझा आक्षेप अधिक तीव्र होतो.

कृष्णाकाठ

मध्यंतर, आपला आक्षेप पटकथेला पुरेपूर लागू पडतो आणि मी तिचा बचाव करणार नाही. अभिनयाबाबत मात्र मी वेगळे पाहतो. ओल्गिएर्द लुकाशेविच यांचा अभ्यासू, अवघडलेला आल्बर्ट शेजारी असल्यामुळे माक्सची बढाई पोकळ आहे हे पदोपदी दिसत राहते.

रुपेरी, आपण किश्लोव्स्कींनाच साक्षीला बोलावले आहे, तर त्यांच्या ‘डेकालोग’ या दहा भागांच्या मालिकेचा दहावा भाग विसरू नये. वडिलांच्या तिकीटसंग्रहाचे वारस झालेले दोन भाऊ त्या संग्रहाच्या मोहात पडतात. एका दुर्मीळ तिकिटासाठी श्टुर यांचा मोठा भाऊ स्वतःचे मूत्रपिंड देतो आणि तो रुग्णालयात असतानाच सगळा संग्रह चोरीला जातो. हा उघड विनोदी भाग आहे, आणि त्यातला विनोद झ्बिग्निएव्ह झामाखोव्स्की व श्टुर यांच्या जोडीवरच उभा आहे. किश्लोव्स्कींना श्टुर हवे होते ते विनोदी नट म्हणूनच.

गावकूस

आपण सगळे फेलिक्स फाल्क यांचा ‘वोजिरेय’ (१९७७) बाजूला ठेवून वाद घालत आहात, याचे मला आश्चर्य वाटते. लुटेक दानिएलाक हा समारंभ रंगवणारा सूत्रसंचालक. मोठ्या सोहळ्याचे सूत्रसंचालन मिळावे म्हणून तो मित्रांना एकेक करून विकतो. लोकांना हसवणे हाच त्याचा धंदा आहे, त्यामुळे कृष्णाकाठ यांचे विनोदाचे कसब आणि रुपेरी यांना हवी असलेली किंमत ही दोन्ही एकाच भूमिकेत येतात. मात्र यातून कृष्णाकाठ यांचे म्हणणे सिद्ध होत नाही. लुटेकमध्ये श्टुर प्रेक्षकाला आवडून घेण्याचा जराही प्रयत्न करत नाहीत. माक्समध्ये मात्र ते सतत तोच प्रयत्न करताना दिसतात. माणूस एकच रंगवला असेलही, पण एकदा त्याला उघडे पाडण्यासाठी आणि एकदा त्याला सांभाळून घेण्यासाठी. यातले पहिले काम अधिक अवघड होते, आणि ते त्यांनी ‘अमातोर’च्याही आधी, फाल्क यांच्याकडे केले.