मदत हवी आहे: न्यू जर्सीत आई-बाबांच्या विम्याची सवलत जानेवारीपासून बंद, काय करता येईल?

कृष्णाकाठ, ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत राहणाऱ्यांकडून आणि विमा, टॅक्स किंवा हॉस्पिटलच्या कामाची माहिती असणाऱ्यांकडून मदत हवी आहे. धागा लांबलाय, पण परिस्थिती नीट सांगितल्याशिवाय सल्ला देता येणार नाही.

आम्ही पिस्कॅटवेला राहतो. आई-बाबा २०२३ मध्ये ग्रीन कार्डवर सांगलीहून आमच्याकडे आले. बाबा ७१ वर्षांचे, आई ६७. बाबा सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त झालेत, पेन्शन अगदी किरकोळ, बाकी ठेवींवरचं व्याज. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे आणि मधुमेह आहे. आईला थायरॉइड आणि गुडघ्यांचा त्रास.

ग्रीन कार्डला पाच वर्षं झाल्याशिवाय त्यांना मेडिकेअर (६५ वरच्यांचा सरकारी विमा) पैसे भरूनही घेता येत नाही. इथलं मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी विमा), म्हणजे एनजे फॅमिलीकेअर, त्यालाही मोठ्या माणसांसाठी तीच पाच वर्षांची अट. माझ्या नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात आई-वडील बसत नाहीत. म्हणून 'गेट कव्हर्ड एनजे' या राज्याच्या विमा-संकेतस्थळावरून ओबामाकेअरचा प्लॅन घेतला. दोघांचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या खाली, पण ग्रीन कार्ड नवीन असल्यामुळे मेडिकेड मिळत नाही, अशा लोकांना फेडरल सरकारची प्रीमियम सवलत मिळायची. त्यामुळे हप्ता जवळजवळ शून्य होता. हृदयाच्या डॉक्टरांची तपासणी, रक्ताच्या चाचण्या, औषधं, सगळं व्यवस्थित चाललं होतं.

४ जुलैला राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या कायद्यात ही तरतूदच काढून टाकली आहे. १ जानेवारी २०२६ पासून दारिद्र्यरेषेखालचे, पाच वर्षं न झालेले ग्रीन कार्डधारक सवलतीला अपात्र. पूर्ण भावाने बघितलं तर दोघांचा हप्ता महिन्याला अडीच हजार डॉलरच्या पुढे जातोय.

यासंबंधीचं पत्र आधी बाबांच्याच हातात पडलं. त्यांनी भिंग लावून ते पूर्ण वाचलं, पेन्सिलीने दोन ओळींखाली रेघ मारली आणि जेवताना शांतपणे विचारलं, "गोळ्या एक दिवसाआड घेतल्या तर चालतील का गं?" मी त्यांना चालणार नाहीत एवढंच सांगू शकले.

आता प्रश्न.

आमचं दोघांचं मिळून उत्पन्न वर्षाला दीड लाख डॉलरच्या आसपास आहे, मुलं दोन. आई-बाबा आतापर्यंत स्वतःचं वेगळं जॉइंट रिटर्न भरत होते. त्यांना आमच्या रिटर्नवर डिपेंडंट (आमच्यावर अवलंबून असलेले) दाखवलं तर सवलत मिळू शकते का? काही जण हो म्हणतात, काही जण म्हणतात की मग आमच्या उत्पन्नामुळे काहीच मिळणार नाही.

विमा नसताना बाबांना काही झालं तर हॉस्पिटलचा खर्च कसा हाताळतात? चॅरिटी केअरबद्दल ऐकलंय, पण कोणी प्रत्यक्ष वापरलंय का?

आणि नणंदेसाठीही विचारायचं आहे. ती इझलिनला ओक ट्री रोडवरच्या दुकानात काम करते, स्वतः अमेरिकन नागरिक आहे आणि एनजे फॅमिलीकेअरवर आहे. मुलगा १५ वर्षांचा. तास कधी जास्त मिळतात, कधी कमी. कामाच्या तासांची अट येणार म्हणतात, ती तिला लागू होईल का?

एक मन मोकळं करते. आई-बाबा कायद्याने आले, दर वर्षी भारतातल्या व्याजासकट रिटर्न भरतात. त्यांना मत नाही, म्हणून वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी नाही. पैसे वाचवायला सगळ्यात आधी हीच माणसं सापडली, याचा मला फार राग येतो.

*

दादरकर

ताई, सही विषय काढलात. आमच्या ओळखीत तीन-चार घरांत हेच चाललंय. बाबांच्या गोळ्यांत मात्र एक दिवसही खंड पडू देऊ नका. आत्ताचा प्लॅन ३१ डिसेंबरपर्यंत चालू आहे, तोवर राहिलेल्या तपासण्या उरकून घ्या आणि ९० दिवसांची औषधं मिळतात का तेही बघा.

मला वाटतं त्यांना सहा-आठ महिने सांगलीला पाठवावं. महाराष्ट्रात महात्मा फुले योजना आहे, ७० च्या वरच्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्डही मिळतं. उपचार तिकडे करून यावेत.

*

निशिगंध

दादरकर, भावना समजली पण यात धोका आहे. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर नागरिकत्वासाठीची पाच वर्षांची साखळी तुटली असं धरलं जाऊ शकतं. वर्षाच्या पुढे गेलं आणि री-एंट्री परमिट (परत येण्याची आगाऊ परवानगी) नसेल तर ग्रीन कार्डच अडचणीत येतं. मेडिकेअर विकत घेण्यासाठीही सलग पाच वर्षांचं वास्तव्य बघतात. म्हणजे इथल्या विम्याचं दार जिथून उघडणार तेच पुढे ढकललं जाईल. आणि हृदयाचा झटका तिकिटाची तारीख बघून येत नाही.

*

टॅक्सचाकारकून

मी रिटर्नचं काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो.

हो, डिपेंडंटचा मार्ग खरा आहे आणि तुमच्या आकड्यांत तो बसतो. नवा कायदा ग्रीन कार्डधारकांची सवलत सरसकट काढत नाही. तो १०० टक्के दारिद्र्यरेषेच्या खालच्यांसाठी असलेला अपवाद काढतो. आई-बाबा तुमच्या रिटर्नवर आले की उत्पन्न तुमचं आणि माणसं सहा धरली जातात. २०२६ च्या विम्यासाठी सहा माणसांची दारिद्र्यरेषा ४३,१५० डॉलर. तिची चौपट म्हणजे १,७२,६००. दीड लाख त्याच्या आत आहे, त्यामुळे सवलत लागू होते. नियमाप्रमाणे तुमच्या पातळीला उत्पन्नाच्या ९.९६ टक्के तुम्ही भरायचे, म्हणजे वर्षाला साधारण १५ हजार डॉलर, आणि तुमच्या भागातल्या ठरावीक सिल्व्हर (मधल्या श्रेणीच्या) प्लॅनच्या हप्त्यातला बाकीचा भाग फेडरल सवलतीतून. अडीच हजारांऐवजी महिना साडेबाराशेच्या आसपास, दोघांचे मिळून. स्वस्त नाहीच. पण पूर्ण विमा आहे आणि आधीचे आजार त्यातून वगळता येत नाहीत.

यासाठी अटी आहेत. आई आणि बाबा, प्रत्येकाचं स्वतःचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत हवं. २०२५ साठी ती ५,२०० डॉलर आहे आणि दर वर्षी थोडी वाढते. पेन्शन, ठेवींचं व्याज, भारतातलं भाडं, सगळं यात आलं. त्यांच्या निम्म्याहून जास्त खर्चाचा भार तुमच्यावर हवा. आणि २०२६ सालासाठी त्यांनी वेगळं जॉइंट रिटर्न भरून सवलत मागायची नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १,७२,६०० ची रेघ ओलांडू नका. २०२१ पासून ही वरची मर्यादा उठवलेली होती, ती वाढीव सवलत या डिसेंबरअखेर संपतेय. सध्याचं शटडाऊन (फेडरल सरकारचं कामकाज बंद) याच मुद्द्यावर अडलंय. मुदतवाढ मिळाली तर उत्तम, पण तिच्या भरवशावर बसू नका. शिवाय २०२६ पासून जादा घेतलेली आगाऊ सवलत पूर्णच्या पूर्ण परत करावी लागणार. आधी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परतफेडीची कमाल मर्यादा होती, ती नव्या कायद्याने काढली. यजमानांचा बोनस किंवा ओव्हरटाइम वाढला आणि रेघ एका डॉलरने ओलांडली तरी वर्षाची सवलत अंगावर येईल. ४०१-के (नोकरीतलं निवृत्ती खातं) मध्ये रक्कम वाढवून उत्पन्न आत ठेवता येतं, ते जानेवारीपासूनच ठरवा.

काही एजंट सांगतात की आई-बाबांचं उत्पन्न जरा वाढवून दाखवा, म्हणजे ते दारिद्र्यरेषेच्या वर जाऊन सवलत मिळेल. दोघांसाठी दारिद्र्यरेषेचे १०० टक्के म्हणजे २१,१५० डॉलर, रुपयांत साडेअठरा लाखांच्या आसपास. खरोखर एवढं असेल तर जरूर दाखवा, ते रिटर्नवर यायलाच हवं. नसेल तर खोट्या आकड्यावर सही करू नका. नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी तीच रिटर्न्स समोर येतात.

*

कृष्णाकाठ

टॅक्सचाकारकून, खूप खूप आभार. दोघांचं उत्पन्न वेगवेगळं काढलं, दोघंही मर्यादेच्या बरेच आत आहेत. राज्याची स्वतःची सवलत पण असते ना? ती वर मिळेल का?

*

टॅक्सचाकारकून

असते. 'एनजे हेल्थ प्लॅन सेव्हिंग्ज' ही राज्याची सवलत दारिद्र्यरेषेच्या ६०० टक्क्यांपर्यंतच्या कुटुंबांसाठी आहे. अर्ज एकच, वेगळं काही करावं लागत नाही. १ नोव्हेंबरला नोंदणी उघडली की सहा माणसांचं कुटुंब टाकून बघा, दोन्ही सवलती वजा होऊन आकडा दिसेल. राज्याने नेमलेले मदतनीस फुकट अर्ज भरून देतात, त्यांच्याकडेच जा. न्यू जर्सीत नोंदणी ३१ जानेवारीपर्यंत चालते, पण १ जानेवारीपासून विमा हवा तर ३१ डिसेंबरच्या आत प्लॅन निवडायला हवा.

*

रानजाई

मी एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये बरीच वर्षं आहे. कुठलं ते लिहीत नाही. चॅरिटी केअरबद्दल सांगते.

ही राज्याची योजना आहे आणि न्यू जर्सीतल्या सगळ्या अ‍ॅक्यूट केअर हॉस्पिटलांना लागू आहे. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत असेल तर हॉस्पिटलचं बिल पूर्ण माफ, ३०० पर्यंत काही भाग. पण मालमत्तेचीही अट आहे: एकट्याला ७,५०० डॉलर आणि कुटुंबाला १५,०००. राहतं घर धरत नाहीत, बँकेतल्या ठेवी धरतात. तुमच्या आई-बाबांच्या ठेवी बघता इथेच गाडी अडेल असं मला वाटतं. दुसरं म्हणजे माफी हॉस्पिटलच्या बिलाला असते. भूलतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, सर्जन यांची बिलं बऱ्याचदा वेगळी येतात. बाहेरच्या फार्मसीतली औषधं त्यात नाहीत. त्यामुळे चॅरिटी केअरला विम्याचा पर्याय समजू नका.

इमर्जन्सीत मात्र घाबरून घरी बसू नका. १९८६ च्या फेडरल कायद्याने इमर्जन्सी रूमला पैसे किंवा विमा न विचारता तपासावंच लागतं आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यावे लागतात. छातीत दुखत असताना "बिल येईल" म्हणून रात्रभर थांबलेले आजोबा मी पाहिलेत. त्यांच्या मुलाला नंतर त्या थांबण्यामुळे किती भोगावं लागलं हेही पाहिलंय. कृपा करून असं करू नका.

नेहमीच्या तपासणीसाठी फेडरल अनुदानावर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर आहेत, तिथे उत्पन्नाप्रमाणे फी घेतात. औषधांसाठी ६५ वरच्यांना राज्याची 'पाड' नावाची योजना आहे. त्यात जेनेरिकला ५ आणि ब्रँडेडला ७ डॉलर पडतात. 'एनजे सेव्ह'चा एकच अर्ज भरून तिथे पात्रता तपासून घ्या.

आता नणंदबाईंचं. कामाच्या तासांची अट उशिरात उशिरा १ जानेवारी २०२७ पासून लागू होतेय. १९ ते ६४ वयाच्या, मेडिकेडच्या विस्तारातून (ओबामाकेअरने उत्पन्नाची मर्यादा वाढवल्यामुळे) आलेल्या प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा दाखवावी लागेल. १३ वर्षांपर्यंतचं मूल असलेल्या पालकांना सूट आहे, पण मुलगा १५ चा म्हणजे ती सूट गेली. पात्रतेची तपासणीही वर्षातून एकदाऐवजी दर सहा महिन्यांनी होईल. तुमच्या आई-बाबांना मात्र ही अट कधीच लागू होणार नाही, ते ६५ च्या पुढचे आहेत.

काम करणाऱ्यांना कसली भीती, असं बरेच जण म्हणतात. अर्कान्सासमध्ये २०१८ ला हीच अट आणली होती. काही महिन्यांत १८ हजारांच्या आसपास लोकांचा विमा गेला. त्यात नोकरी असलेली, पण पोर्टलवर तास भरता न आलेली किंवा पत्रच न मिळालेली माणसं होती. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी ती अट थांबवली. आपल्या राज्यात फॅमिलीकेअरवर १८ लाखांच्या आसपास लोक आहेत आणि त्यातले पाच लाखांहून जास्त विस्तारातून आलेले. तेवढ्यांचे कागद वर्षातून दोनदा तपासायचे म्हणजे काउंटीच्या ऑफिसांत काय होईल याची मला आत्तापासून काळजी वाटते. तिथला फोन लागायला आजच किती वेळ जातो ते आम्ही रोज बघतो. आणि एक अर्ज चुकून बंद झाला की तो पेशंट विम्याशिवाय आमच्याकडे येतो.

नणंदबाईंना सांगा, आत्तापासून पगाराच्या प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. मालक रोखीने देत असतील तर चेकने मागा. घर बदललं तर लगेच पत्ता कळवा.

*

दादरकर

निशिगंध, रानजाई, माझा सांगलीचा सल्ला मागे. एक भर घालतो. सध्या "सरकारी हेल्थ प्लॅन, महिना ९९ डॉलर" असे फोन येताहेत. हे बहुतेक ठरावीक रक्कम देणारे प्लॅन असतात, हॉस्पिटलात गेल्यावर हातात फार काही पडत नाही. पाहुण्यांसाठीच्या ट्रॅव्हल इन्शुरन्सचंही तेच, जुने आजार त्यात नीट धरतच नाहीत. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

*

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याशी बोलणं झालं. डिपेंडंटच्या मार्गाने जायचं ठरलंय. त्याच्या ४०१-के ची टक्केवारी जानेवारीपासून वाढवतोय म्हणजे रेघेच्या बरेच आत राहू. महिना साडेबाराशे काढण्यासाठी मुलांच्या उन्हाळी कॅम्पचे पैसे आणि डिसेंबरची भारतवारी यांना कात्री लावावी लागेल. ते करू. सुदैवाने आमच्याकडे कात्री लावायला काहीतरी आहे. ज्यांचं घरचं उत्पन्न पन्नास-साठ हजार आहे आणि आई-वडील सोबत आहेत, त्यांच्यापैकी किती जणांना हा मार्ग कोणी सांगितला असेल? म्हणून विनंती, मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात यावर कोणी जाणकाराने अर्धा तास बोलावं. मी कार्यकारिणीला आजच मेल करतेय. टॅक्सचाकारकून, रानजाई, तुम्ही याल का?

*

रानजाई

येईन. शनिवार असेल तर बरं. येणाऱ्यांना ग्रीन कार्डची प्रत, मागच्या वर्षीचं रिटर्न आणि 'गेट कव्हर्ड एनजे'कडून आलेलं पत्र सोबत आणायला सांगा, म्हणजे तिथल्या तिथे बघता येईल.

*

टॅक्सचाकारकून

मीही येतो. भारतातल्या बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेटही आणायला सांगा, नाहीतर प्रत्येकाचं उत्पन्न काढता येत नाही.